छापलं म्हणजे पोचलं का?

मागच्या अंकात जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की या माणसाने दुसऱ्याच्या पन्नास वर्षं जुन्या नोंदी घेऊन ताऱ्यांची यादी तयार केली. त्या चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही पत्रं चिडलेली पण आहेत. निवडक घेतोय, आणि पहिल्यालाच जास्त जागा जाणार आहे, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक. बावीस वर्षं झाली, घराच्या अंगणात रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतो आणि वहीत लिहितो. दोन वर्षांपूर्वी गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर काही पानांचे फोटो टाकले, तर ते आकडे एका पुस्तिकेत जसेच्या तसे छापून आले, नाव ना गाव. आता दुसरं कोणीतरी अभ्यासासाठी सगळ्या वह्याच मागतंय. मुलगा म्हणतो देऊन टाका, घरात पडून काय उपयोग. आमच्या घरून म्हणतात, एकदा हात पोळले ना, मग? तुमचा तो बेसेल तरी काय, दुसऱ्याच्याच वह्यांवर मोठा झाला ना? ज्याने रात्र रात्र जागून लिहिलं त्याला काय मिळालं? (एक आबा, पारोळा)

उत्तर : आबा, राग बरोबर आहे तुमचा, आणि त्या पुस्तिकावाल्यांनी एक ओळ नाव टाकलं असतं तर त्यांचं काही कमी झालं नसतं. पण बेसेलच्या बाबतीत जरा पूर्ण गोष्ट ऐका, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

फ्रीडरिश बेसेल १७८४ चा, जर्मनीतल्या मिंडेनचा. पंधरा वर्षांचा व्हायच्या आतच ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीत शिकाऊ कारकून म्हणून लागला. दिवसा हिशेब, रात्री पुस्तकं. माल जहाजाने जायचा म्हणून नौकानयन शिकला, त्यासाठी तारे शिकला आणि मग ताऱ्यांतच अडकला. आता गंमत बघा. १६०७ साली थॉमस हॅरियट नावाच्या इंग्रज गणितीने एक धूमकेतू पाहून नोंदी लिहून ठेवल्या होत्या (आज आपण ज्याला हॅलेचा धूमकेतू म्हणतो तोच). ते कागद दीडशेच्या वर वर्षं एका सरदाराच्या वाड्यात पडून होते, फॉन झाख नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ते शोधले आणि त्यातल्या नोंदी छापल्या. त्या छापील नोंदींवरून या वीस वर्षांच्या कारकुनाने धूमकेतूची कक्षा काढली आणि १८०४ च्या जुलैत ब्रेमेनमध्येच राहणाऱ्या ओल्बर्सला नेऊन दाखवली. ओल्बर्स पेशाने डॉक्टर, दिवसभर पेशंट आणि रात्री धूमकेतू. त्याने पोराला हाकलून दिलं नाही, काम वाचलं, छापायला पाठवलं, पुस्तकं दिली, आणि तिथून दोघांचा जो पत्रव्यवहार सुरू झाला तो ओल्बर्स १८४० ला वारला तेव्हाच थांबला. पुढे ती पत्रं दोन खंडांत छापली गेली. खगोलशास्त्राची माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी सेवा म्हणजे बेसेलला ओळखलं ही, असं ओल्बर्स म्हातारपणी म्हणायचा.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. जेम्स ब्रॅडली हा इंग्लंडच्या ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख, १७६२ ला वारला. त्याने १७५० पासून ताऱ्यांच्या ज्या नोंदी केल्या होत्या त्या अप्रतिम होत्या, पण तो गेल्यावर त्याच्या वारसांनी वह्या घरी नेल्या. सरकार म्हणे वह्या आमच्या, वारस म्हणे आमच्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. बांधाच्या भांडणात वावर पडीक राहतं ना, तसं. शेवटी वह्या ऑक्सफर्ड विद्यापीठाला मिळाल्या, छापायच्या अटीवर, आणि तिथेही सावकाशच. पहिला खंड १७९८ ला, दुसरा १८०५ ला. म्हणजे माणूस जाऊन त्रेचाळीस वर्षं झाल्यावर त्याचं काम पूर्ण बाहेर आलं!

१८०७ च्या सुमारास ओल्बर्सनेच बेसेलला ब्रॅडलीच्या या खंडांवर बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः, कारण पुढची दहा-अकरा वर्षं त्यात गेली. ब्रॅडलीचे कच्चे आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. ताऱ्याचा उजेड हवेतून येताना वाकतो, थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी, हवेच्या दाबाप्रमाणेही बदलतो. दुर्बीण भिंतीवर किंचित कललेली असते, घड्याळ मागेपुढे होतं. हे सगळं वजा केल्याशिवाय तारा खरोखर कुठे होता ते कळत नाही. आणि ब्रॅडलीचं मोठेपण इथेच आहे, त्याने ताऱ्याच्या आकड्याच्या शेजारी थर्मामीटर किती, बॅरोमीटर किती, यंत्र किती चुकतंय, हे सगळं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे त्याला कधीही न भेटलेल्या माणसाला अर्ध्या शतकानंतर त्याच्या चुकासुद्धा मोजता आल्या. आपल्याकडे कापूस काट्यावर चढतो तेव्हा शेतकरी आकडा नंतर बघतो, आधी काटा बघतो. ब्रॅडलीने काटाच वहीत लिहून ठेवला होता असं समजा.

१८१८ साली बेसेलचं पुस्तक निघालं, ३२२२ ताऱ्यांच्या जागा, १७५५ सालच्या. लॅटिनमध्ये लांबलचक नाव आहे आणि त्या नावातच, म्हणजे पहिल्या पानावरच, छापलंय की हे सगळं 'अतुलनीय पुरुष जेम्स ब्रॅडली' याने ग्रीनिचला केलेल्या वेधांवरून काढलेलं आहे. आबा, हे मिळालं त्याला. बेसेलने नाव कमावलं हे खरंच, पण स्वतःच्या पुस्तकाच्या कपाळावर दुसऱ्याचं नाव लिहून कमावलं. तुमच्या पुस्तिकावाल्यांना हेच दाखवा.

अजून एक किस्सा सांगतो, माझा फार आवडता आहे. ग्रीनिचलाच पुढे मास्केलीन प्रमुख होता. तेव्हा ताऱ्याची वेळ कशी घ्यायचे, तर डोळा दुर्बिणीला, कान घड्याळाच्या टकटकीकडे, आणि तारा दुर्बिणीतल्या बारीक तारेवरून गेला की सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने लिहायचा. किनेब्रुक नावाचा असिस्टंट मास्केलीनपेक्षा उशिरा वेळ लिहायचा, १७९६ पर्यंत फरक ०.८ सेकंदावर गेला आणि बिचाऱ्याची नोकरी गेली. मास्केलीनने हे सगळं वेधशाळेच्या छापील खंडात नोंदवून ठेवलं. वीसेक वर्षांनी ही गोष्ट बेसेलच्या वाचनात आली आणि त्याच्या मनात आलं, की पोरगा आळशी नसेल तर? १८२० साली त्याने स्वतः वालबेक नावाच्या दुसऱ्या निरीक्षकाबरोबर तेच तारे पाहिले आणि दोघांच्या वेळेत एक सेकंदाच्यावर फरक निघाला! दोघेही हुशार, दोघेही मन लावून बघणारे. म्हणजे प्रत्येक माणसाचा डोळा आणि कान एकमेकांशी आपापल्या चालीने जुळतात, आणि यंत्राची चूक काढतो तशी माणसाचीही काढावी लागते. किनेब्रुक तोवर वारला होता, त्याला काय उपयोग, हे मान्य. पण मास्केलीनने ती अडचणीची गोष्ट लपवली असती तर हे कळायला अजून किती वर्षं गेली असती कोण जाणे.

आता तुमच्या वह्या. तुमच्या पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, की मध्ये काही वर्षं पर्जन्यमापक निंबाजवळ होता, मग फांद्या वाढल्या म्हणून तुम्ही तो अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला, साल नक्की आठवत नाही. आबा, माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती शेवटी घातलीत! निंबाच्या आडोशाला पाऊस कमी भरणार. मग उद्या कोणी म्हणेल पारोळ्याचा पाऊस अमुक सालापासून वाढला, आणि वाढला तो फक्त कोपरा बदलला म्हणून. तर आधी घरच्यांना विचारून ते साल पक्कं करा (नातवाचं बारसं, घराचा रंग, असल्या गोष्टींवरून बायकांना सालं बरोबर आठवतात), आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा की मापक कुठला, कुठे ठेवला, कधी हलवला, गावाला गेलात तेव्हा कोण मोजायचं. तुमचं नाव आणि गाव पण तिथेच. मग प्रत्येक पानाचा मोबाईलवर नीट फोटो काढून द्या. मूळ वह्या मात्र घराबाहेर जाऊ देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. आणि देताना एक ओळ लिहून घ्या की छापाल तिथे नाव टाकाल. नाही टाकलं तर वह्या तुमच्याकडेच आहेत, तारखेसकट, आणि आपलं हे सदर आहेच बोंब मारायला.

प्रश्न : आम्ही तीन-चार जण तोरणमाळला जाऊन रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांचं निरीक्षण करतो. पूर्ण खात्री होईपर्यंत आकडे कोणाला दाखवू नयेत असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : ताई, तुमच्या त्या मित्राला पियाझी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. १ जानेवारी १८०१, सिसिली बेटावर पालेर्मोला पियाझीला एक नवा ठिपका दिसला जो रोज सरकत होता. ११ फेब्रुवारीपर्यंत त्याने २४ वेळा तो पाहिला, मग आजारी पडला. मधे २४ जानेवारीला त्याने पत्रं टाकली, मिलानच्या ओरियानीला आणि बर्लिनच्या बोडला, दोघेही खगोलशास्त्रज्ञ. जगाला सांगितलं की धूमकेतू असावा, ओरियानी दोस्त, त्याला मात्र हळूच लिहिलं की धूमकेतूपेक्षा काहीतरी बरं असेल असं वाटतंय. आणि आकडे किती दिले, तर दोनच दिवसांचे! बाकीचे स्वतःजवळ, कारण कक्षा आपणच काढावी असं वाटत होतं. बोडला पत्र २० मार्चला पोचलं, तोवर तो ठिपका सूर्याच्या उजेडात शिरायला लागलेला. युरोपभर चिडचिड. सगळे आकडे झाखच्या मासिकात छापून आले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. मग गाउस नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितीने त्यावरून कक्षा काढली आणि ३१ डिसेंबरला झाखला आणि दुसऱ्याच रात्री ओल्बर्सला तो परत सापडला. तोच सेरेस, सगळ्यात आधी सापडलेला लघुग्रह.

पियाझी वाईट माणूस नव्हता हो, मेहनती होता, त्याने ताऱ्यांच्या केलेल्या याद्या बेसेलनेही वापरल्या. पण त्याला स्वतःला जे गणित जमलं नाही ते आकडे हातात पडल्यावर दुसऱ्याने काही आठवड्यांत केलं, आणि शोध पियाझीच्याच नावावर राहिला, गाउसने तो काढून घेतला नाही. तुमचे आकडे कच्चे असतील तर कच्चे आहेत असं लिहून द्या, ढग होते, चंद्र होता, कोणाच्या डोळ्याने घेतले, सगळं. तोरणमाळच्या थंडीत रात्रभर बसून आणलेले आकडे एक्सेलमध्ये कुलूप लावून ठेवायला आणता का?

प्रश्न : नेपच्यून इंग्लंडच्या ॲडम्सने आधी शोधला होता पण फ्रान्सने क्रेडिट नेलं असं आमच्या सरांनी सांगितलं. खरं काय? (बारावी सायन्स, चाळीसगाव)

उत्तर : खरं अर्धं आहे. युरेनस गणिताने सांगितलेल्या जागेवर दिसत नव्हता, म्हणून त्याला ओढणारा पलीकडे कोणीतरी ग्रह असावा असं लोकांना वाटत होतं. ॲडम्सला जुन्या नोंदी हव्या होत्या. त्याने १८४४ च्या फेब्रुवारीत केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिसमार्फत ग्रीनिचचा तेव्हाचा प्रमुख एअरी याला विचारलं आणि एअरीने लगेच पाठवल्या, कसलीही खळखळ न करता. म्हणजे आकडे मिळाले. पण ॲडम्सने पुढे काढलेलं उत्तर छापलं नाही, १८४५ मध्ये एअरीकडे कागद ठेवून आला, एअरीने उलट शंका विचारली त्याचं उत्तर दिलं नाही. तेच गणित करणारा पॅरिसचा ल व्हेरिये मात्र छापत राहिला.

खरा गमतीचा भाग पुढे आहे. १८४६ च्या उन्हाळ्यात चॅलिस शोधायला लागला. ४ आणि १२ ऑगस्टला नेपच्यून त्याच्या दुर्बिणीत आला, त्याने नोंदही केली, पण नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या नाहीत त्यामुळे कळलंच नाही. त्या भागाचा चांगला नकाशाच त्याच्याकडे नव्हता, त्याला एकेक तारा लिहीत बसावं लागत होतं. तो नकाशा बर्लिनला छापून तयार होता! ब्रेमिकरने केलेला, पण अजून बाहेर वाटला गेला नव्हता. ल व्हेरियेने १८ सप्टेंबरला बर्लिनच्या गालेला पत्र लिहिलं, २३ ला पोचलं, त्याच रात्री गाले आणि दारेस्ट नावाचा विद्यार्थी तो नकाशा घेऊन बसले, एक जण दुर्बिणीतून तारे सांगतोय, दुसरा नकाशावर बघतोय, आणि एका ताऱ्याला पोरगं म्हणालं, हा नकाशात नाही. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत.

आणि हे नकाशे करायची कल्पना कोणाची, तर बेसेलची, त्यानेच १८२० च्या दशकात बर्लिन अकादमीला सुचवलं होतं की आकाशाचे तुकडे पाडून वेगवेगळ्या लोकांना वाटून द्या. तो १७ मार्च १८४६ ला वारला, सहा महिने आधी. सरांना सांगा, क्रेडिट फ्रान्सने नेलं नाही, नकाशा इंग्लंडला वेळेत पोचला नाही.

(जाता जाता, छापलेलं पडून राहण्यात इंग्लंडही काही मागे नव्हतं. ग्रीनिचच्या छापील नोंदींचे गठ्ठे एकेकाळी रद्दीत गेले, पुठ्ठा करायला! चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितीने त्यावरून चांगलाच बोभाटा केला होता.)

प्रश्न : बेसेल कॉलेजला गेला नव्हता तर प्रोफेसर कसा झाला? (रावेर)

उत्तर : गाउसच्या शिफारशीवरून ग्योटिंगेन विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट देऊन टाकली, कारण प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला तो वेधशाळेचा प्रमुख झालेला आणि डिग्रीवाचून तिथल्या लोकांचं अडत होतं. तेव्हाही कागद लागायचाच, काय करणार. तिथे त्याने स्वतःच्या नोंदी १८१५ पासून खंडामागून खंड छापल्या, आणि १८३८ ला तिथूनच हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर मोजून इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याला पत्राने कळवलं. एखाद्या ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा पटेल असं मोजलं गेलं ते हे. हा तारा आकाशात भराभर सरकतो हे लक्षात आणून दिलं होतं कोणी? परत तोच, पियाझी.

प्रश्न : सगळी उदाहरणं युरोपचीच का हो? आपल्याकडे अशी नोंदींची देवाणघेवाण नव्हती का? (धुळे)

उत्तर : होती की. आणि धुळ्याहून हे विचारताय म्हणून जास्तच मजा वाटली, कारण 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित काही काळ तुमच्या धुळ्यातच शिक्षक होते. शिलालेखांच्या तिथी-वारांचा आणि इंग्रजी तारखांचा मेळ घालायला फ्लीटसारखे इंग्रज अभ्यासक त्यांची मदत घ्यायचे, आणि १८९६ साली त्यांनी रॉबर्ट सूएल यांच्यासोबत भारतीय कालगणनेवर इंग्रजी पुस्तकही काढलं. त्यांच्या आधी केरूनाना छत्रे, तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत होते, युरोपात छापलेली कोष्टकं अभ्यासून त्यांनी १८६० ला मराठीत 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली. पंचांग आकाशाशी जुळावं म्हणून. त्यावरून पुढे पंचांगवाल्यांत जे वाद झाले ते लिहायला वेगळा अंक लागेल.

मद्रासची पण एक गोष्ट आहे. १८७२ च्या नोव्हेंबरअखेर ग्योटिंगेनहून क्लिंकरफ्युस या खगोलशास्त्रज्ञाने मद्रास वेधशाळेच्या पॉगसनला तार केली, की बीएलाचा धूमकेतू २७ तारखेला पृथ्वीला घासून गेला, अमुक ताऱ्याजवळ शोध. युरोपातून तो भाग दिसत नव्हता. पॉगसनने २ आणि ३ डिसेंबरला पाहिलं तर खरंच धूमकेतू! मग ढग आले. तो बीएलाचाच होता का यावर नंतर शंका निघाल्या ती गोष्ट वेगळी, पण तारेने आकाश वाटून घेतलं ना.

आणि खानदेशातलंच हवं असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जा, पावसाळा संपता संपता जा, तेव्हा डोंगर बघण्यासारखा असतो. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता आणि त्याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. कित्येक शतकं तो तिथे उघड्यावर होता, गुराखी बघत असतील, देवीचे भक्त बघत असतील. विद्वानांपर्यंत तो नेला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून. आणि मग भास्कराचार्यांच्या घराण्याच्या पिढ्यांचा हिशेब लागला. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटी जुन्या मराठीत काही ओळी आहेत आणि मला त्याच जास्त आवडतात, कारण त्यात श्लोकबिक काही नाही, सरळ व्यवहार आहे. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर जायचा तो मठाला दिलाय. म्हणजे बाजार समितीचा सेस आणि तो गणित-ज्योतिषाच्या शिक्षणाला!